निनावी गाणे आणि नाममुद्रा : सायमन-गारफंकल यांच्या एका ध्वनिमुद्रिकेचे वाचन

१

पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल या अमेरिकन जोडीची ‘पार्सली, सेज, रोझमेरी अँड टाइम’ ही तिसरी ध्वनिमुद्रिका कोलंबिया रेकॉर्ड्सने ऑक्टोबर १९६६मध्ये प्रसिद्ध केली. तीत बारा गाणी आहेत आणि ती सारी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतात. लोकगीताची घडण आणि रॉक संगीताचा वाद्यमेळ यांच्या संयोगातून १९६५च्या सुमारास ‘फोक रॉक’ या नावाने जो प्रवाह ओळखला जाऊ लागला, त्याच्या इतिहासात या ध्वनिमुद्रिकेचे स्थान केव्हाच निश्चित झाले आहे. ते पुन्हा सिद्ध करण्याचा आमचा हेतू नाही. आम्ही तिच्याकडे वळतो ते निराळ्या कारणासाठी. निनावी रचनेला नाव केव्हा मिळते, कोणाचे मिळते आणि त्या व्यवहारात काय हरवते, हा प्रश्न लोकवाङ्मयाच्या अभ्यासकाला कधी ना कधी गाठतोच. या ध्वनिमुद्रिकेच्या अंतरंगात तो आहे आणि तिच्या लेबलवरही तो आहे.

प्रथम तिची रचना पाहू. पहिले गाणे ‘स्कारबरो फेअर/कँटिकल’ आणि शेवटचे ‘सेव्हन ओक्लॉक न्यूज/सायलेंट नाइट’. दोन्ही शीर्षकांतील तिरकी रेघ लक्षात घ्यावी. रेघेच्या एका बाजूला जुने गाणे आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याबरोबर, त्याच क्षणी ऐकू येणारी एक दुसरी संहिता. श्रोत्याने दोन्ही एकदम ऐकावयाची असतात. पहिल्या गाण्यात नवी संहिता जुन्या गाण्याच्या तळाशी वाहते. शेवटच्या गाण्यात ती हळूहळू वर येऊन जुन्या गाण्याला झाकू लागते. मधल्या दहा गाण्यांना या दोन जोडरचनांची चौकट लाभली आहे. या चौकटीतील दोन जुन्या गाण्यांचे इतिहास एकमेकांच्या नेमके उलट दिशेने गेलेले आहेत, हे येथे दाखवावयाचे आहे.

२

त्यासाठी ही जोडी १९६६पर्यंत कशी आली हे थोडक्यात सांगितले पाहिजे. दोघेही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात वाढले. शाळेत असतानाच, १९५७ साली, त्यांनी ‘टॉम अँड जेरी’ या नावाने एक गाणे ध्वनिमुद्रित केले आणि ते थोडेफार गाजले. पुढे सायमनने क्वीन्स कॉलेजात इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला, गारफंकल कोलंबिया विद्यापीठात गेला. ऑक्टोबर १९६४मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका ‘वेन्सडे मॉर्निंग, थ्री ए. एम.’ निघाली. या वेळी त्यांनी घेतलेली नावे सोडून आपली खरी आडनावे लावली. ध्वनिमुद्रिका चालली नाही. जोडी विस्कटली आणि सायमन इंग्लंडला जाऊन तिथल्या लहानलहान फोक क्लबांतून एकट्याने गाऊ लागला.

तो तिकडे असताना इकडे एक विलक्षण गोष्ट घडली. पहिल्या ध्वनिमुद्रिकेत केवळ गिटारच्या साथीने गायिलेले ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ हे गाणे काही आकाशवाणी केंद्रांवर मागणीला येऊ लागले होते. निर्माता टॉम विल्सन याने जून १९६५मध्ये त्या मूळ ध्वनिमुद्रणावर विद्युत-गिटार, बास आणि ड्रम यांची साथ चढवली. गाणाऱ्यांना त्याने विचारले नाही. त्यांना ते पुढे कळले. जानेवारी १९६६च्या आरंभी हे बदललेले गाणे अमेरिकेतील यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. म्हणजे या जोडीची कीर्ती तिच्या अनुपस्थितीत, तिच्या गाण्यावर दुसऱ्याने चढवलेल्या एका थरामुळे झाली. त्यानंतर त्याच महिन्यात घाईघाईने दुसरी ध्वनिमुद्रिका काढण्यात आली.

तिसरीच्या वेळी त्यांनी हे होऊ दिले नाही. निर्माता म्हणून बॉब जॉन्स्टनचे नाव असले आणि ध्वनिमुद्रणाची तांत्रिक बाजू रॉय हॅली सांभाळत असला, तरी गाण्याला कोणते रूप द्यावयाचे हे ठरवण्याचा अधिकार बव्हंशी त्या दोघांकडे आला. स्टुडिओत त्यांनी तीनेक महिने घेतले. त्या काळाच्या मानाने हा अवधी फार मोठा होता. एकाच गाण्यावर आवाजांचे थर चढवीत जाणे हे विल्सनने त्यांच्या बाबतीत जे केले होते तेच तंत्र होते. आता ते तंत्र त्यांच्या हाती आले आणि ते त्यांनी पहिल्यांदा लावले ते एका निनावी गाण्याला.

३

स्कारबरो हे इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातले समुद्रकाठचे गाव. तिसऱ्या हेन्री राजाने १२५३ साली दिलेल्या सनदेनुसार तेथे दर वर्षी १५ ऑगस्टपासून पंचेचाळीस दिवस जत्रा भरत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती बंद पडली. गाण्याचा आणि जत्रेचा संबंध मात्र मुळातला नाही. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात इंग्लिश व स्कॉटिश कथागीतांचा जो महासंग्रह सिद्ध केला, त्यात ३०५ गीतप्रकारांना क्रमांक दिलेले आहेत. त्यांतील दुसऱ्या क्रमांकाचे ‘द एल्फिन नाइट’ हे गीत स्कारबरोच्या गाण्याचे पूर्वज होय. त्याचा ज्ञात असलेला सर्वांत जुना छापील कागद इ. स. १६७०च्या सुमाराचा आहे. त्यात एक यक्षयोनीतला सरदार आहे आणि एक तरुणी आहे. तो तिला अशक्य कामे सांगतो आणि तीही त्याला तितकीच अशक्य कामे सांगून निरुत्तर करते. जत्रेचे नाव आणि चार सुवासिक वनस्पतींचे धृपद या गोष्टी नंतरच्या पाठांत येऊन मिळाल्या. गावाचे नाव पाठापाठाला बदलते, धृपदही बदलते. काही पाठांत वनस्पतीऐवजी ‘काळ’ या अर्थाचा ‘टाइम’ हा शब्द येतो. इंग्रजीत या दोन शब्दांचे लेखन भिन्न असून उच्चार एक आहे. देवनागरीत लिहिताना ते दोन्ही एकच होतात आणि श्लेष आपोआप उघडा पडतो.

विसाव्या शतकात हे गाणे सायमनपर्यंत कसे पोहोचले याची साखळी बऱ्यापैकी स्पष्ट आहे. ब्रिटिश गायक व संग्राहक युअन मॅकॉल याच्या सांगण्याप्रमाणे, मिडलटन-इन-टीसडेल येथील मार्क अँडरसन या शिशाच्या खाणीतून निवृत्त झालेल्या कामगाराकडून १९४७ साली त्याला हे गाणे मिळाले. मॅकॉल आणि पेगी सीगर यांच्या ‘द सिंगिंग आयलंड’ या १९६०च्या संग्रहात ते छापले गेले. तेथून ते मार्टिन कार्थी या तरुण गायकाने उचलले, त्याला गिटारची एक स्वतंत्र, नाजूक साथ बसवली आणि लंडनच्या क्लबांतून ते गायिले. १९६५च्या आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत त्याने ते घेतले. १९६२च्या हिवाळ्यात बॉब डिलन लंडनला आला असताना त्याने ते कार्थीकडून ऐकले, आणि त्याचे ऋण १९६३मध्ये आलेल्या ‘गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री’ या त्याच्या गाण्यात स्पष्ट दिसते. सायमननेही ते कार्थीकडूनच घेतले.

ही साखळी मौखिक परंपरेविषयीच्या आपल्या काही सोप्या कल्पनांना छेद देते. ‘लोकांच्या ओठांवर जगलेले गाणे’ असे आपण सहज म्हणतो. पण येथे सतराव्या शतकातला छापील कागद आहे, एकोणिसाव्या शतकातला विद्वानाचा संग्रह आहे, खाणकामगाराचा कंठ आहे, संग्राहकाची वही आहे, पुन्हा छापील पुस्तक आहे, मग क्लबातली मैफल आणि अखेरीस स्टुडिओ. मुख आणि मुद्रण यांचे येणेजाणे तीनशे वर्षे चालू आहे. या सगळ्या टप्प्यांत एकच गोष्ट स्थिर राहिली : गाण्यावर कोणाची सही नव्हती. गाणाऱ्याचे नाव माहीत असे, कर्त्याचे नसे.

४

सायमन आणि गारफंकल यांनी या गाण्याचे काय केले हे आता पाहू. चाल मुख्यत्वे परंपरेची आहे आणि गिटारच्या साथीवर कार्थीच्या मांडणीची छाया स्पष्ट आहे. तिच्यावर हार्पसिकॉर्डचे सूर आणि दोन आवाजांची दाट गुंफण चढवली आहे. पण महत्त्वाचा बदल शब्दांत आहे.

जुन्या पाठांत हे गाणे संवादात्मक आहे. पुरुष म्हणतो, तिला सांगा, शिवण न घालता मला तलम सदरा शिवून दे. स्त्री उत्तर देते, त्याला सांगा, खारे पाणी आणि समुद्राची वाळू यांच्या मधली एक एकर जमीन मला शोधून दे, कातड्याच्या विळ्याने तिचे पीक काप. अशक्याला अशक्याने दिलेले उत्तर हा या गाण्याचा कणा आहे. त्या उत्तरामुळे दोघे समान पातळीवर येतात आणि गाणे तक्रारीच्या पातळीवरून उठून खेळाच्या, चातुर्याच्या पातळीवर जाते. सायमन-गारफंकल यांच्या पाठात सदरा आहे, जमीन आहे, कातड्याचा विळाही आहे. पण ही सारी कामे एकाच बाजूने, ‘तिला’ सांगितली आहेत. स्त्रीची कडवी पुरुषाच्या तोंडी गेली. तिचे उत्तर नाहीसे झाले आणि दुरावलेल्या प्रेयसीविषयीची हुरहुर तेवढी उरली. संवादाची विराणी झाली. हे या जोडीने जाणूनबुजून केले असे आमचे म्हणणे नाही. मौखिक परंपरेत कडवी इकडची तिकडे होतच असतात आणि ज्याच्या हाती गाणे येते तो ते आपल्या गरजेप्रमाणे घडवतो. पण परिणाम मात्र नोंदवावयास हवा.

संवाद गेला तरी दुसऱ्या आवाजाची जागा रिकामी राहिली नाही. तेथे ‘कँटिकल’ आले. या शब्दाचा अर्थ धार्मिक उपासनेतले स्तोत्र. त्याचे शब्द सायमनच्या ‘द साइड ऑफ अ हिल’ या आधीच्या गाण्यातून घडवलेले आहेत. हे युद्धविरोधी गाणे त्याने १९६५ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या ‘द पॉल सायमन साँगबुक’ या एकट्याच्या ध्वनिमुद्रिकेत गायिले होते. त्या शब्दांना गारफंकलने नवी चाल दिली आणि ती जुन्या चालीच्या आडून, तिच्या विरामांत शिरत, विरोधी स्वररेषेसारखी गुंफली. त्यात टेकडीची एक बाजू आहे, पानांखालची कबर आहे, झोपलेले बालक आहे, बंदूक साफ करणारा सैनिक आहे आणि ज्याचे कारण केव्हाच विसरले गेले अशा लढाईत मारण्याचा हुकूम देणारे सेनापती आहेत.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे शब्द धड लागत नाहीत. कानावर वरचे गोड गाणे येते आणि खाली काहीतरी चालले आहे एवढेच जाणवते. हे अस्पष्टपण रचनेचाच भाग आहे असे आम्ही मानतो. १९६५च्या अखेरीस व्हिएतनाममध्ये सुमारे १,८४,००० अमेरिकी सैनिक होते. १९६६च्या अखेरीस ती संख्या सुमारे ३,८५,०००वर गेली. या काळात अमेरिकेतल्या घराघरांत युद्ध असेच होते : दैनंदिन गाण्याच्या खाली, नीट न लागणाऱ्या शब्दांत, पण सतत. प्रेयसीला सांगितलेली अशक्य कामे आणि सैनिकाला सांगितलेले काम यांची तुलना कोणी बोलून दाखवत नाही; दोन्ही एकदम ऐकल्यामुळे ती श्रोत्याच्या मनात तयार होते. जत्रेला निघालेल्या वाटसरूजवळ निरोप देणारा हा माणूस घरी परत जाणार की नाही, असा प्रश्न जुन्या गाण्यात नव्हता. तो या तिरक्या रेघेने निर्माण केला. स्त्रीच्या उत्तराची किंमत देऊन मिळवलेला हा अर्थ आहे, आणि तो खरा अर्थ आहे. एकाच रचनेत लाभ आणि हानी अशी शेजारी नांदताना दिसते, हे तिच्या अभ्यासाचे मोल आहे.

५

आता लेबलकडे वळू. ‘स्कारबरो फेअर/कँटिकल’ या गाण्याखाली कर्ते म्हणून पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल ही दोनच नावे छापली गेली. ‘पारंपरिक’ हा शब्द तेथे नव्हता आणि कार्थीचा उल्लेखही नव्हता.

कायद्याच्या दृष्टीने पारंपरिक गाण्याची नवी मांडणी करणारा त्या मांडणीवर हक्क सांगू शकतो. ‘कँटिकल’चे शब्द व चाल तर निर्विवाद त्या दोघांची होती. त्यामुळे नाव लावणे सर्वस्वी खोटे होते असे म्हणता येत नाही. पण ‘पारंपरिक, मांडणी अमुक यांची’ असे लिहिण्याचा संकेत लोकसंगीताच्या वर्तुळात रूढ होता आणि इंग्लंडच्या क्लबांत वावरलेल्या सायमनला तो अपरिचित नव्हता. हा एक शब्द गळाल्याने मागची तीनशे वर्षे गळाली. दिग्दर्शक माइक निकल्स याच्या ‘द ग्रॅज्युएट’ या डिसेंबर १९६७मध्ये आलेल्या चित्रपटात हे गाणे वापरले गेले, १९६८मध्ये ते सुटे निघून अमेरिकेच्या यादीत अकराव्या क्रमांकावर गेले आणि जगभर ते ‘सायमन-गारफंकलचे गाणे’ झाले. आजही अनेकांना ते तसेच ठाऊक आहे.

कार्थीच्या मनात याचा सल दीर्घकाळ राहिला. त्याचीही बाजू पूर्णपणे सरळ नाही. गाणे त्याचे नव्हतेच. त्यानेही ते छापील संग्रहातून घेतले होते. त्याची होती ती मांडणी आणि एका गायकाने दुसऱ्याला दिलेला वारसा. क्लबांच्या जगात गाणे देणे-घेणे मोफत असे, पण कोणाकडून मिळाले हे सांगणे हा त्या देवघेवीचा अलिखित मोबदला होता. ध्वनिमुद्रिकेच्या जगात मोबदला लेबलवरच्या नावाप्रमाणे मोजला जातो. दोन वेगळ्या अर्थव्यवस्थांच्या सीमेवर हे गाणे सापडले. मार्क अँडरसनचे नाव तर या वादातही फारसे कोणी घेतले नाही.

हे एकच उदाहरण असते तर योगायोग म्हणता आला असता. त्याच ध्वनिमुद्रिकेतील ‘क्लाउडी’ हे गाणे सायमनने ‘द सीकर्स’ या ऑस्ट्रेलियन संघातील ब्रूस वुडलीबरोबर लिहिले होते. वुडलीचे नावही तेथे छापले गेले नाही.

६

विशेष म्हणजे नाव आणि निनावीपण हा विषय मधल्या गाण्यांतही पुन्हापुन्हा डोके वर काढतो. ‘द डँगलिंग कॉन्व्हर्सेशन’मध्ये एक सुशिक्षित जोडपे आहे. ती एमिली डिकिन्सन वाचते, तो रॉबर्ट फ्रॉस्ट वाचतो आणि दोघांमधला संवाद अर्धवट लोंबकळत राहतो. कवींची मोठी नावे येथे माणसांमधले अंतर मोजण्याच्या खुणा झाल्या आहेत. ज्या संवादगीताने ध्वनिमुद्रिकेचा आरंभ झाला त्यातून स्त्रीचे उत्तर नाहीसे झाले होते हे आठवले, म्हणजे या संवादशून्य खोलीचा त्याच्याशी असलेला धागा दिसू लागतो.

‘अ सिंपल डिसल्टरी फिलिपिक’ हे डिलनच्या शैलीचे विडंबन आहे. त्याच्या लांबलचक उपशीर्षकात तत्कालीन अमेरिकन संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा याच्या नावाचे क्रियापद केले आहे आणि गाण्यातही लेखक, राजकारणी, कलावंत यांच्या नावांची अशीच क्रियापदे होतात. माणसाची नावे हवेत इतकी भरली आहेत की ती आता माणसावर होणाऱ्या क्रिया झाल्या आहेत, असा हा विनोद. पण ज्या डिलनची येथे टवाळी होते त्यानेही आपले उत्तरेकडच्या मुलीचे गाणे त्याच कार्थीकडून ऐकलेल्या त्याच जुन्या गाण्यावर उभारले होते, हा या विनोदाच्या पोटातला दुसरा विनोद होय.

‘अ पोएम ऑन द अंडरग्राउंड वॉल’ मात्र निराळे आहे. भुयारी रेल्वेच्या स्थानकात रात्री उशिरा एक माणूस खडू लपवून उभा आहे. गाडी निघून गेल्यावर तो भिंतीवरच्या जाहिरातीवर चार अक्षरी एकच शब्द लिहितो आणि अंधारात पळून जातो. गाणे त्या शब्दाला ‘कविता’ म्हणते. त्यामागची हकीकत गारफंकल मैफलीत सांगत असे : पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनासाठी भुयारी स्थानकात छायाचित्रे काढली, ती नंतर पाहताना मागच्या भिंतीवर लिहिलेली अश्लील अक्षरे दिसली. त्या किश्श्यातून हे गंभीर गाणे निघाले. येथे कर्ता आहे पण त्याला नाव नाही, आणि त्याला ते नकोही आहे. बारा गाण्यांत निनावी कर्त्याकडे इतक्या मायेने दुसरे कोणतेच गाणे पाहत नाही. ज्यांनी हे लिहिले त्यांना निनावीपणाची किंमत कळत नव्हती असे कसे म्हणावे?

७

शेवटच्या गाण्याचा इतिहास पहिल्याच्या उलट आहे. ‘सायलेंट नाइट’ हे मूळचे जर्मन नाताळगीत आज इतके सार्वत्रिक झाले आहे की ते कोणी लिहिले असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. पण त्याला कर्ते आहेत, तारीख आहे, गाव आहे. जोसेफ मोर या पाद्र्याने १८१६ साली ही कविता लिहिली. फ्रान्झ क्झावर ग्रूबर या शाळामास्तराने तिला चाल दिली आणि २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातील साल्झबर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावातील चर्चमध्ये ते प्रथम गायिले गेले. पुढे टिरोलच्या फिरत्या गायक कुटुंबांनी ते दूरवर नेले. तेथे ते ‘टिरोलचे लोकगीत’ म्हणून छापले आणि गायिले जाऊ लागले. कर्त्यांची नावे गळाली. १८५४ साली बर्लिनच्या राजदरबारी वाद्यवृंदाकडून साल्झबर्गला विचारणा झाली की ही रचना मिखाएल हायडनची आहे काय. तेव्हा मोर हयात नव्हता. म्हाताऱ्या ग्रूबरने त्या वर्षाच्या ३० डिसेंबरला गाण्याच्या जन्माची हकीकत लिहून दिली. तरीही शंका रेंगाळत राहिली. १९९५मध्ये मोरच्या हातची प्रत सापडली आणि तिच्यावर चालीचा कर्ता म्हणून ग्रूबरचे नाव असल्याचे दिसले, तेव्हा हा वाद मिटला.

म्हणजे या ध्वनिमुद्रिकेच्या एका टोकाला कर्ता नसलेले गाणे कर्तृत्व मिळवते आणि दुसऱ्या टोकाला कर्ते असलेले गाणे लोकगीत होऊन आलेले असते. निनावीपण हा गाण्याचा जन्मजात गुण नसतो. ती गाण्याला प्राप्त होणारी आणि गाण्यापासून दूर होणारी अवस्था असते, हे या दोन गाण्यांच्या शेजारामुळे जितके स्पष्ट होते तितके एरवी क्वचितच होईल.

या नाताळगीतावर चढवलेली दुसरी संहिता म्हणजे संध्याकाळच्या सातच्या बातम्या. दोघे पियानोच्या साथीने शांतपणे गात आहेत आणि चार्ली ओडॉनेल हा व्यावसायिक निवेदक बातम्या वाचत आहे. बातम्या ऑगस्ट १९६६च्या आरंभीच्या आहेत. नागरी हक्क विधेयकातील घरांविषयीच्या कलमावरून प्रतिनिधिगृहात झालेला वाद, विनोदी कलावंत लेनी ब्रूसचा मृत्यू, मार्टिन ल्यूथर किंगचा शिकागोजवळच्या सिसरो येथील नियोजित मोर्चा, रिचर्ड स्पेकवरील परिचारिका विद्यार्थिनींच्या खुनाचा आरोप, युद्धविरोधी निदर्शनांची चौकशी आणि अखेरीस युद्धाचा जोर वाढवावा असे सांगणारा माजी उपराष्ट्राध्यक्ष निक्सन. आरंभी पुटपुटल्यासारखा असलेला आवाज हळूहळू मोठा होतो आणि शेवटी गाणे व बातमी यांना कानात सारखीच जागा मिळते.

पहिल्या गाण्यातील युद्ध अनाम देशातले होते; येथे व्हिएतनामचे नाव उच्चारले जाते. पहिल्या गाण्यात टेकडीवरच्या कबरीजवळ झोपलेले बालक होते. येथे नाताळगीतातले बालक स्वर्गीय शांततेत झोपी जात आहे. ध्वनिमुद्रिकेच्या दोन्ही टोकांना असे एक निजलेले मूल आहे आणि दोन्ही ठिकाणी त्याच्या झोपेवर युद्धाचा आवाज येतो. या बातमीपत्रालाही लेखकाचे नाव नाही, हेही लक्षात घ्यावे. आधुनिक काळातली सर्वांत मोठी निनावी संहिता हीच असेल. तिच्यातही पाठभेद आहेत : शिकागोत बळी पडलेल्या विद्यार्थिनी प्रत्यक्षात आठ होत्या, ध्वनिमुद्रिकेतला निवेदक नऊ सांगतो. मौखिक परंपरेत कडवी बदलतात तसे येथे आकडे बदलले; आणि बातमी गाण्यात जाऊन बसल्यामुळे तो चुकीचा आकडाच कायमचा झाला.

८

पुढची हकीकत थोडी आहे. १९७० साली आलेल्या ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ या ध्वनिमुद्रिकेत या जोडीने ‘एल कोंदोर पासा’ ही अँडीज पर्वतप्रदेशातली चाल घेतली. सायमनने ती ‘लोस इंकास’ या संघाकडून ऐकली होती आणि ती पारंपरिक आहे अशी त्याची समजूत होती. ती प्रत्यक्षात पेरूच्या दान्येल आलोमिया रोब्लेस या संगीतकाराने १९१३च्या एका संगीतिकेसाठी रचलेली होती. त्याचा मुलगा, चित्रपट-दिग्दर्शक आर्मांदो रोब्लेस गोदोय, न्यायालयात गेला आणि कटुता न येता प्रकरण मिटले. रोब्लेसचे नाव कर्त्यांत आले. चारच वर्षांपूर्वी पारंपरिक गाण्याला आपले नाव लावणाऱ्याने आता नाव असलेल्या गाण्याला पारंपरिक मानले होते. दोन्ही वेळा मधले माणूस पुसले गेले. फरक इतकाच की पेरूच्या संगीतकाराला दाद मागणारा वारस होता आणि कागदपत्र होते. खाणकामगाराच्या गाण्यापाशी यांपैकी काहीच नव्हते.

मार्टिन कार्थी आणि पॉल सायमन यांनी २००० साली लंडनच्या हॅमरस्मिथ येथील मैफलीत ‘स्कारबरो फेअर’ एकत्र गायिले आणि जुना दुरावा संपला. न्याय झाला असे म्हणण्यापेक्षा गाणे पुन्हा त्याच्या जुन्या रीतीकडे आले असे म्हणणे आम्हाला अधिक योग्य वाटते. एकाने दुसऱ्याकडून गाणे घेतले होते, हे दोघांनी सर्वांसमक्ष मान्य केले. क्लबांच्या जगातला तो अलिखित मोबदला पस्तीसेक वर्षांनी पोचता झाला.

साहित्याच्या वर्गात लोकगीत शिकवताना आपण बहुधा संहितेपाशी थांबतो आणि कर्ता ‘अज्ञात’ असे लिहून पुढे जातो. या ध्वनिमुद्रिकेचे वाचन आपल्याला तेथे थांबू देत नाही. ‘अज्ञात’ या शब्दाखाली कोणी गायिले, कोणी उतरून घेतले, कोणी छापले, कोणी साथ बसवली आणि कोणाचे उत्तर गळाले, हे विचारणे भाग पडते. त्याचबरोबर नवा अर्थ देणाऱ्याचे श्रेयही नाकारता येत नाही. ‘कँटिकल’शिवाय हे गाणे १९६६च्या अमेरिकेशी बोलूच शकले नसते. वरचा गोड आवाज ऐकताना तळाशी चाललेला दुसरा आवाजही ऐकावा, हे तर या दोघांनीच आपल्याला शिकवले. ती शिकवण त्यांच्या लेबललाही लावावी. मग त्या दोन नावांच्या खालून टीसडेलचा खाणकामगार, लंडनच्या क्लबातला गिटारवादक आणि जिची कडवी दुसऱ्याच्या तोंडी गेली ती हजरजबाबी तरुणी, असे तिघांचे आवाज ऐकू येऊ लागतात.